चौथी जागा

भिंत एकच. अलीकडे माझी मसाल्याची चक्की,
पलीकडे त्यांचं ध्यानकेंद्र.
परदेशीपुऱ्यात, जिथं आधी मिलचं रेशन दुकान होतं
आणि नंतर बारा वर्षं नुसतं कुलूप.

बसायला येणारी माणसं सगळी ओळखीचीच:
दवाखान्यातला कंपाउंडर, अंगणवाडीच्या दोघी,
रात्रभर सराफ्यात कढईपुढं उभा राहणारा बनवारी,
मिल बंद झाल्यापासून घरात न मावणारे चार-पाच म्हातारे.
परीक्षेच्या दिवसांत गल्लीतली पोरं,
त्यांच्या ट्यूबलाइटखाली गणितं घेऊन.

चपला बाहेर. आत आवाज नाही.
मला तेच खुपायचं.
भजन नाही, आरती नाही,
घंटा एकदाच, तीही अशी
की कुणाच्या हातून चमचा पडला वाटावं.
गिऱ्हाइकांना मी सांगायचे, काही नाही करत हो आत.
तासभर. रोज.

मग नगर निगमला अर्ज दिला.
गर्दी होते, गाड्या लागतात, रस्ता अडतो.
चार सायकली होत्या आणि एक लूना.
खरं कारण अर्जात लिहिता येत नव्हतं.
ते सासूबाईंकडून आलं होतं, पाटा-वरवंट्याबरोबर;
त्यांनी सांगून दिलं नाही,
मी बघून घेतलं नाही.

निरीक्षक आला, पलीकडे डोकावला,
चहा माझ्याकडे प्याला, गेला.
तेव्हापासून संध्याकाळी सहाला, नेमक्या सहाला,
मी चक्कीत मिरची ओतू लागले.
भिंत थरथरायची. पलीकडून खोकला यायचा.
तेवढाच त्यांचा आवाज मला ठाऊक.

असंच एकदा, वैशाखात,
पट्ट्यात पदर गेला.
ओरडले की नाही, आठवत नाही.
आठवतं ते एवढंच: दारात तायडे,
अनवाणी, डोळे अजून अर्धे मिटलेले,
आणि त्यांचा हात थेट मेन स्विचवर.
जणू माझ्या घरातला स्विच कुठं आहे
हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं.

तायडे ऐकतात कमी. सत्तावीस वर्षं साच्यांवर काढली.
म्हणाले, कानानं नाही कळलं,
पाठ भिंतीला होती. पट्टा सरकला की पाठीला कळतं.

दुसऱ्या दिवशी पाने घेऊन आले. पट्टा बदलताना,
माझ्याकडे न बघता, जरा मोठ्यानंच म्हणाले,
सहा वर्षं तुम्ही माझ्या चौथ्या जागेवर होतात, बाई.

कसली जागा?

काळ्या तेलाची बोटं दुमडत गेले.
पहिली आपली स्वतःची.
दुसऱ्या जागेवर मित्र.
तिसऱ्यावर असा कुणी, ज्याच्याशी देणं ना घेणं;
माझा बहुतेक दूधवालाच असतो.
चौथी जागा, ज्याच्या नावाचा काटा मनात आहे, त्याची.
त्याचं भलं होवो म्हणायचं.
आतून म्हणवत नाही. तरी म्हणायचं.
आणि मग पाचवीत सगळं जग. ते सोपं असतं.

म्हणजे अर्ज कुणी दिला, माहीत होतं तुम्हाला?
निरीक्षकानं दाखवला ना. सही वाचता येत नव्हती.
पण कागदावर हळदीचं बोट होतं.

मी फडकं शोधू लागले, हात पुसायला.
हात कोरडेच होते.
आता कितव्या जागेवर आहे मी,
एवढं विचारायचं होतं. पण ते म्हणाले,
इकडून धरा. घट्ट. बोट सांभाळा.

पैसे घेतले नाहीत. पाव किलो धणे-जिरे पूड नेली,
म्हणाले, केंद्रावर रविवारी खिचडी असते.

मी काही जात नाही तिकडं. खोटं कशाला बोलू.
सहाला चक्की बंद ठेवते, एवढंच,
आणि मिरचीच्या पोत्यावर बसते, पाठ भिंतीला.
बसून बघते. पहिल्या जागेवर टिकता येत नाही मला,
काहीतरी ढकलत नेतं थेट चौथीपर्यंत.
तिथं सासूबाई आधीच येऊन बसलेल्या असतात,
पदर सावरून, पाय जवळ ओढून,
भिंतीला स्पर्श होणार नाही अशा.