उजवं पुढचं चाक

हार्लन ट्वेट या उन्हाळ्यात चौथ्यांदा आलाय.
ट्रेलरवर तेच गवत कापायचं लाल यंत्र
आणि तेच चाक, उजवं, पुढचं,
दुधाच्या दातासारखं हलणारं.

"बेअरिंग, आर्डिस," तो म्हणतो.
"नवंच होतं ना?" मी म्हणते.
तो खिशातून पुडी काढतो: दहा नग, पोस्टाने आलेले,
एका सँडविचच्या भावात.

त्यातलं एक बोटावर चढवून टिचकी मारते.
खरखर.
घासात खडा यावा तशी.
मग माझ्या डब्यातलं एक फिरवते.
ते फिरतच राहतं, आवाज न करता,
आपण दुसरं काही बोलायला लागेपर्यंत.

कारखान्याने तर इथे बेअरिंग दिलंच नव्हतं.
प्लॅस्टिकची नळी, बस.
विकताना यंत्र दुकानाच्या फरशीवर उभं असतं,
फरशीवर कुठलंही चाक सरळच दिसतं.

जॅक लावते. टोपी काढते. क्लिप उडते.
या शेडमध्ये वीस वर्षांच्या क्लिपा आहेत,
एकही सापडत नाही.
मग वॉशर, मग चाक.
गंजाने चाकाचं आणि आसाचं लग्न लावलेलं,
ते हातोडीनेच मोडतं.
आतून निघतं त्याला वंगण म्हणवत नाही:
वाळू, गवताचा काळा लगदा, तीन छर्रे.
बाकीचे दफनभूमीत पेरले गेलेत.

हो, दफनभूमी. टेकडीवरच्या लूथरन चर्चची.
दोनशे अकरा दगड, आयोवाचा ऑगस्ट,
आणि दर गुरुवारी हार्लन, फुकट.

नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये होतं,
मटारच्या पिशवीखाली. (तो येणार हे माहीत होतं.)
थंडीने ते अंग चोरतं,
मग चाकात कुरकुर न करता शिरतं.
हे मला बापाने शिकवलं नाही, नवऱ्याने नाही,
एका वाईट हिवाळ्यात आपोआप कळलं.

आसावर नख फिरवते. खाच, एकाच बाजूला.
डावं चाक काढून पाहते:
कारखान्याची नळी, अजून शाबूत.
"तू नेहमी डावीकडेच वळतोस," मी म्हणते.
तो हात पुसतो. पुसलेलेच.

उजवीकडे, कुंपणालगत, शेवटची रांग.
तिथे आयव्हर आहे, त्याचा भाऊ,
आणि चाळीस एकरांची एक गोष्ट,
जी गावात सगळ्यांना येते आणि कोणी सांगत नाही.

मी तो विषय काढला नाही. म्हटलं,
एकाच बाजूला वळलं की भार बाहेरच्या चाकावर येतो,
मग बेअरिंग कितीही चांगलं घाल.
वर्षातून दोनदा ग्रीस भर,
जुनं सगळं बाहेर येईपर्यंत.
आणि ती पुडी फेकून दे.

पुडी त्याने परत खिशात ठेवली.
पैसे मोजून दिले, नाण्यांसकट.

पुढच्या शुक्रवारी मी त्या रस्त्याने गेले.
काम होतं असं म्हणू.
टेकडीवर कापलेल्या गवताचे पट्टे
इस्त्रीच्या घडीसारखे,
कुंपणाची रांग तशीच, गुडघाभर, पिवळ्या फुलांची.
पण रांगेच्या तोंडाशी
चाकांच्या दोन खुणा उजवीकडे वळल्या होत्या,
चार-पाच पावलं,
मग मागे.

घरी येऊन बूट झटकला.
क्लिप पडली.