खिडकीचे पैसे वेगळे

"खिडकीचे पैसे वेगळे," प्यो म्हणाले
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला.
चाळीस हजार वॉन, दरमहा.
मी शून्यं मोजली. पुन्हा मोजली.
आमच्याकडे उजेड छपराच्या भोकातून फुकट पडतो,
दिवसभर तंबूत फिरतो,
चुलीवरून पेटीवर, पेटीवरून धाकट्याच्या पाळण्यावर.
त्यावरून आई वेळ सांगते.

मी बिनखिडकीची घेतली. तीनशे सतरा.
हात पसरले की दोन्ही भिंती लागतात.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
मी टेबल पाहून पसरते:
रात्री गुडघ्यांपर्यंतची मी टेबलाखाली,
वर सगळं स्थापत्यशास्त्र.
पलीकडे कुणी पान उलटलं तरी कळतं.
पहिले नऊ दिवस
मी शिंकसुद्धा जिन्यात जाऊन दिली.

फोनवर आईचा पहिला प्रश्न,
"दार कुठल्या दिशेला?"
दार दक्षिणेलाच असतं, अजून कुठे असणार!
मी होकायंत्र उघडलं.
लोखंडी पलंगावर सुई बावचळली,
गोल गोल फिरत राहिली.
"दक्षिणेला," मी म्हणाले.

वर्गात हजेरी घेताना
माझ्या नावाआधी सर जरा थांबतात.
चि... चिम...
मी आता त्या थांबण्यालाच हजर म्हणते.

इथे भेटलं की विचारतात, "जेवलीस का?"
दुकानदार, ग्रंथपाल, लिफ्टमधला अनोळखी माणूसही.
मी खरंच सांगायचे.
नूडल्स, अर्धं अंडं, भात नाही.
ते ऐकायचे बिचारे, लिफ्टचं दार पायाने अडवून.
आमच्याकडे विचारतात, "जनावरं धष्टपुष्ट ना?"
आणि दुष्काळातही उत्तर एकच,
"धष्टपुष्ट."
हे आठवलं तेव्हा मी जिन्यात एकटीच हसले.
त्या दिवसापासून मी नेहमीच जेवलेली असते.

मग कचऱ्याचं प्रकरण झालं.
तिसऱ्या मजल्याला दंड बसला.
ओल्यात हाडं, कोरड्यात भात,
प्यो पिवळी पिशवी घेऊन दारोदार.
बारा जण स्वयंपाकघरात, माना खाली.
भिंतीवरचा तक्ता कोरियनमध्ये, अक्षरं मुंगीएवढी.
शेवटी वैतागून ते म्हणाले,
"जे जनावर खाईल ते ओलं! बाकीचं कोरडं!"

या शहरात मला
शब्दकोश न उघडता कळलेलं हे पहिलं वाक्य.

"हाड?" दिलनवोजने विचारलं.
कोरडं, मी म्हणाले, बकरी खात नाही.
"कांद्याची सालं?"
कोरडी. पोट फुगतं.
"कलिंगडाची साल?"
ओली. तिच्यासाठी तर भांडतात.
मग कोपऱ्यातून, सहा वर्षं सरकारी परीक्षेला बसणाऱ्या,
कधीच कुणाशी न बोलणाऱ्या
गू बाई, हलक्या आवाजात,
"आणि अंड्याचं टरफल?"
त्या याच शहरात जन्मलेल्या.
मी विचार केला. आमच्याकडे कोंबड्या नाहीत.
"कोरडं," प्यो म्हणाले,
आणि माझ्याकडे बघितलं, चाललं ना, अशा नजरेने.

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला
एका पिशवीत उकडलेलं अंडं.
सोललेलं.

मार्चमध्ये गू बाईंची खोली रिकामी झाली.
पास की नापास, कुणी विचारलं नाही.
खिडकीची खोली. प्यो म्हणाले, "तुला वीस हजारांत."
मी बघायला गेले.
खिडकीत हातभर अंतरावर शेजारची भिंत,
एसीचं पाणी ठिबकणारं,
आणि काचेच्या आतल्या बाजूला, बोटाने पुसलेला,
चेहऱ्याएवढा एक गोल.
मी त्यात चेहरा धरून पाहिलं.
मान खूप वाकडी केली तर
वर एक चिंधी, राखाडी.
प्यो किल्ल्या वाजवत थांबले होते.
उद्या सांगते म्हणाले.

रात्री आईला खरं सांगितलं.
दार ईशान्येला आहे.
तिकडे बराच वेळ काहीच नाही,
फक्त कुत्रं भुंकत होतं, आमचंच.
मग ती म्हणाली,
"बरं. मग वाऱ्याचं बघ."

मी टॉवेलची गुंडाळी केली
आणि दाराच्या फटीला लावली.
कॉरिडॉरमध्ये कसला वारा.
तरी लावली.