एकशेवीस तास

वहीत रकाने आहेत: तारीख, कुठून, कुठे, किती मिनिटं,
दिवस की रात्र. शेवटी माझी सही.
एकशेवीस तास भरले की टॅमसिनला परीक्षा देता येईल.

पहिले सोळा मेंढ्यांच्या कुरणात गेले. ते वहीत धरत नाहीत.
तिथे धडकायला होतं काय? एक पाण्याची टाकी.
तिनं तीच गाठली.

मग नायंगनचा रस्ता, ताणलेल्या सुतळीसारखा.
सरळ रस्त्यावरच डोळा लागतो, हे सांगायला
मी नुसतं बोट केलं त्या निलगिरीकडे.
खोडावर अजून खिळ्याला आहे कोलबीची टोपी,
ऊन खाऊन पांढरी झालेली.
ती बोलली नाही. काटा तेवढा ऐंशीवर उतरला.

दिवेलागणीला कांगारू.
"आडवा आला तर हँडल फिरवायचं नाही.
सरळ ब्रेक. लागला तर लागू दे."
मुंगीलाही वळसा घालायला शिकवलेल्या पोरीला
हे सांगताना जीभ जड झाली.

डावीकडच्या सीटला ब्रेक नसतो.
तरी तिथली रबरी चटई
माझ्या उजव्या चवड्याखाली झिजून गेलीय.

नियम माझेच. फोन डिकीत. पट्ट्याआधी किल्ली नाही.
रात्री गाडीत मैत्रिणींची जत्रा नाही.
चौऱ्याण्णवाव्या तासाला, इंडिकेटर देता देता ती म्हणाली,
"डॅड, तू तास चुकीचे मोजतोयस.
मी चार वर्षांची असल्यापासून शिकतेय, मागच्या सीटवर.
गुडघ्यानं हँडल धरून सँडविच कसं खायचं,
चढावर गव्हाचा ट्रक कसा ओलांडायचा,
मेसेज वाचताना किती वेळानं वर बघायचं."

तिचा फोन डिकीत होता.
माझा, तेव्हा, मांडीवर.

त्या तासांना रकाना नाही.
सही मात्र त्यांच्यावरही माझीच.

आता काचेवर लाल पाटी आहे, जराशी तिरकी.
तिला सांगून ठेवलंय: कितीही वाजता, कुणाच्याही घरून फोन कर.
मी येईन. त्या रात्री काही विचारणार नाही.
सकाळचं सांगत नाही.

शनिवारी ती एकटी गेली.
फाटकाशी गुरांसाठी लोखंडी जाळी आहे,
वरून चाक गेलं की अर्ध्या मैलावर ऐकू येतं.
मी स्वयंपाकघरात बसलो. समोर चहा, पायाखाली फरशी,
आणि चवडा मधूनच ती दाबत होता.

दहा चाळीसला जाळी वाजली.
सावकाश. दुसऱ्या गिअरवर.
मी घाईघाईनं दिवा मालवला.