विचारायची एक

बीट संपतं साडेपाचला.
वसमतच्या मोंढ्यात हमाल अंगावरची हळद झटकतात
आणि मग माझी पाळी:
काट्याच्या खोलीतून फाईल येते,
दिवसभराची मापं, स्वल्पविरामांनी टाचलेली.
ती वाचायला मी चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली आहे.
फिरोज मापाडी तिला म्हणतो, बिनपगारी मुनीम.

शिकले ते ठेचा खाऊनच.
लॉट नंबर ००४७ पहिल्याच दिवशी ४७ झाला.
यंत्राला वाटलं, पुढची शून्यं म्हणजे फोलपटं,
पाखडून टाकावीत.
त्याला सांगावं लागलं, बाबा, हा आकडा नाही, हे नाव आहे,
नावातलं काही टाकत नसतात.
भाव होता १२,४५०.
मधल्या टिंबाशेपटीने त्याचे दोन तुकडे केले
आणि चांगली पॉलिश केलेली कांडी
बारा रुपये क्विंटलने गेली, कागदावर.

रकाने सरळ लावायला बसले तर कऱ्हाळे आडवे आले.
डोळ्याला अक्षरं तीन, यंत्राच्या हिशेबी सात:
काना वेगळा, मात्रा वेगळी,
ऱ्ह मधला मोडका पायसुद्धा वेगळा मोजलेला.
कऱ्हाळ्यांच्या ओळीत वजन चार घरं डावीकडे सरकलं,
साऱ्या पानाला पोक आलं.
निम्म्या तालुक्याची आडनावं अशीच.
माणसं किती रुंद दिसतात
हे मोजायला मला एक वेगळं फंक्शन लागलं.

शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी बरोबरचं चिन्ह देऊन
काहीबाही लिहून ठेवलं होतं,
आणि माझी जुनी स्क्रिप्ट ते वाचायचं सोडून
करायलाच निघाली.
तेव्हापासून एकच ताकीद: वाच. ऐकू नकोस.
पत्रात 'विहिरीत उडी मार' लिहिलेलं असलं
म्हणून पोस्टमन उडी मारत नाही.

एवढं करून
एका घाईच्या संध्याकाळी मी एक सोय चालू केली:
ओळीत रकाने जास्त निघाले
तर ती ओळ सोड, पुढे चल.
त्यानंतर पान कसं सुबक यायचं.
उजवीकडे आकडे एका रेषेत,
डावीकडे नावं, जणू लग्नातली पंगत.
सचिवसाहेबांनी ते काचेखाली ठेवलं.

आठ दिवसांनी खिडकीशी एक हात आला,
नखांपर्यंत पिवळा.
"लेकी, पाच पोती घातली म्या.
आडत्या म्हणतो, यादीत नावच नाही.
कामून नाही?"

मूळ फाईल उघडली. ओळ दोनशे बारा.
भालेराव धुरपताबाई, मयत ग्यानोबा यांच्या जागी
काट्यावरच्या पोराने जसं सांगितलं तसं लिहिलं होतं,
नावापुढे स्वल्पविराम देऊन, अवतरणचिन्हांशिवाय.
तेवढ्या एका खुणेने
बाईची ओळ सगळ्यांहून एक रकाना लांब झाली
आणि माझ्या मुनीमाने
ती न बोलता गिळली.

काय सांगणार होते मी तिला?
नवरा गेल्याचं एका टिंबाने कळवलंत,
ते आमच्या कोष्टकात बसत नाही, असं?
मी म्हटलं, "मावशी, चूक माझी. बसा."
ती बसली नाही.
काचेवर बोट टेकवून पडद्यावरचं नाव शोधत राहिली,
वाचता येत नसून.
"हेच का?"
"हेच."
"लई लांब लिवलंय की."

त्या रात्री सोडून द्यायची सोय काढून टाकली.
आता ओळ बसली नाही की स्क्रिप्ट ती बाजूला काढते,
जशीच्या तशी, एकही खूण न पुसता,
आणि सकाळी मी काट्यावर जाऊन विचारते.
पान पहिल्यासारखं देखणं येत नाही.
सचिवसाहेब म्हणतात, जरा नीट करा की.

खिडकीच्या काचेवरचा ठसा झाडूवाल्याने दोनदा पुसला,
हळद ती, कडेला राहतेच.
आणि रोज पानाच्या तळाशी, उजवीकडून सरळ रेषेत:
आलेल्या ओळी ६१३
लागलेल्या ६१२
विचारायची १