सहा शेपट्या

आल्गॉयच्या उतारावर, पहाटे पाचला,
क्रेसेंत्स गोठ्याचं दार ढकलते.
आधी धूळ बाहेर येते, मग ऊब, मग गाई.

हेन्रीकेचे डोळे लाल. खिशात तीन रुमाल.
बर्चचा पराग दर एप्रिलात तिच्याकडे येतो
मानपानाला हटून बसलेल्या व्याह्यासारखा.
खिडकीच्या चौकटीवरची धूळ ती कुंचल्यानं
काचेच्या कुपीत झाडून घेते.
"केर न्यायला हॅम्बुर्गहून आलीस?" क्रेसेंत्स विचारते
आणि सडांना यंत्र लावायला वाकते.

केरात एक जिवाणू. त्याच्या अंगावरचा सदरा
हेन्रीके सहा महिने उसवत बसली.
बाहेर साखरेची लांब झालर,
आत, पार तळाशी, हात धरून बसलेल्या दोन शर्करा,
दोन्ही टोकांना फॉस्फेट,
आणि खाली मेदाम्लांच्या शेपट्या,
कवचाच्या स्निग्ध थरात रुतलेल्या.
तिनं मोजल्या. सहा.
पुन्हा मोजल्या,
कारण शेजारच्या कुपीतल्या दुसऱ्याच्या चारच होत्या.

एवढाच फरक.
चार असल्या तर देहातला राखणदार कूसही बदलत नाही.
सहा असल्या की उठतो,
कंदील वर करतो, कोण आहे बघतो,
पुटपुटतो, पुन्हा आडवा होतो.
असं रोज, बाळपणी, शंभरदा.
मग कधीतरी फुलाची धूळ दाराशी येते
आणि तो तलवार काढत नाही.

निदान उंदरांत तरी.

क्रेसेंत्सचा भाऊ कोर्बिनियान याच गोठ्यात वाढला.
हिवाळाभर खोकतो. कुठल्याच आलेखात बसत नाही.
हेन्रीकेनं वहीत त्याचं नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह,
त्यापुढे काही नाही.

घरी, चौथ्या मजल्यावर, इम्के. नऊ वर्षांची.
उशाशी निळा पंप.
आईनं काढलेल्या रेणूत ती रंग भरते,
एकेका शेपटीला वेगळा, आणि सहावीपाशी थांबते.
"ही मला मिळालीच नाही का?"

माशी कुठे शिंकली
ते हेन्रीकेला शंभर पानांत सांगता येतं.
इथे येत नाही.

ती जाकीट काढते. कोपराला अजून गोठा लागलेला.
धुवायला टाकायचं होतं.
ते खुर्चीच्या पाठीवर तसंच राहतं, रात्रभर,
पोरीच्या खोलीत,
आणि बाजूला ती जागी,
निळा पंप मुठीत, श्वास मोजत.

सकाळी दोघींपैकी कुणीच
जाकिटाचा विषय काढत नाही.