टिंब रेघ टिंब टिंब टिंब

हांडे, तुझी फाइल अजून माझ्याकडेच आहे.
गजकच्या डब्याच्या लाल फितीनं बांधलेली,
वर तुझ्या शाळकरी अक्षरात: औषधपाणी.
सूनबाई म्हणाली, काका, टाकून द्या.
हो म्हणालो, आणि पलंगाखाली सरकवली.

कंपूहून मुरारला आपण किती वेळा गेलो असू?
माझी स्कूटर, मागे तू, गळ्याभोवती मफलर,
धुकं इतकं की तूच मागून ओरडायचास,
डावीकडे घे, डावीकडे,
जसा काही मी तुझ्या ट्रकचा ड्रायव्हर.
पहाटे सहाला टोकन,
साडेदहाला खिडकी,
पावणेबाराला कळायचं,
सर्व्हर बसलाय.

मग ते नाव.
पलटणीच्या पुस्तकात त्र्यंबक,
आधारवर त्रिंबक,
दवाखान्याच्या कार्डावर कुणी त्रयम्बक.
खिडकीतला पोरगा वाईट नव्हता. म्हणाला,
"बाबूजी, ये तो तीन आदमी हैं."
तू म्हणालास, "तीनों के गुर्दे खराब हैं, बेटा,
किसी एक के तो देख लो."
रांग हसली. पोरगाही हसला.
कागद जबलपूरला गेला.

जबलपूर काही बोलेना.
खासगीवाले म्हणाले, सरकारकडे मागचीच बिलं थकलीत,
आधी पैसे भरा, मग मशीन.
एक म्हणाला झाशी, दुसरा म्हणाला दिल्ली,
तू नकाशा बघितल्यासारखी मान हलवलीस.
पाय इतके सुजलेले की
माझ्या मुलाच्या चपला घालून यायचास, टाच बाहेर.
मी चिडायचो. सांग ना त्यांना, म्हणायचो,
तो बर्फ सांग, डावा कान कसा गेला ते सांग.
तू बाकावर बोटानं ठोकत राहायचास,
टिंब रेघ टिंब टिंब टिंब.
हे काय रे?
"तारेवर समोरच्याला सांगायचं असतं, थांब."
आणि समोरचा थांबला नाही तर?
"थांबतोच. त्याच्याकडे दुसरं असतं काय?"

खोटं कशाला बोलू, एकदा मी आलो नाही.
फेब्रुवारीतला मंगळवार. साडूच्या मुलीचा साखरपुडा,
असं तुला सांगितलं.
साखरपुडा संध्याकाळी होता.
सकाळभर मी घरीच बसून
पेपर वाचला. दोनदा.
तू टेंपो बदलत बदलत गेलास,
आणि येताना माझ्यासाठी पुडीत बेडई आणलीस, गार झालेली.
"रांग लहान होती आज," म्हणालास.
तुझं त्या दिवसाचं टोकन फाइलीत आहे.
एकशे चौदा.

शेवटच्या रात्री मोठ्या दवाखान्यात
खाटेवर तू, आणि पायथ्याशी भिंडचा एक अनोळखी माणूस,
त्याचीही सलाइन त्याच खिळ्याला.
स्मशानाच्या पावतीवर मात्र नाव बरोबर आलं,
अगदी त्र्यंबक, जोडाक्षरासकट.
तीही पावती मी फाइलीतच लावली.
कुणाला दाखवायची, माहीत नाही.

त्या रात्री तुझं बोट माझ्या तळहातावर होतं.
टिंब. रेघ. टिंब.
मी पुढच्या दोन टिंबांची वाट बघत बसलो.
नर्स आली, तिनं तुझा हात चादरीत घेतला.
मला एकच खूण येते, तीही रांगेत शिकलेली.
म्हणतात, तेवढ्याचाही काही अर्थ होतो,
टिंब रेघ टिंब, एवढ्याचाच.
मुरारमध्ये तुझ्या पलटणीतले दोघेतिघे अजून आहेत.
मी त्यांना विचारलेलं नाही.