निर्धाव

विंटनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
तिची खुर्ची खिडकीशी, माझी भिंतीशी.
आठवडाभर ती दुसऱ्यांची बोलणी जोडायची,
शनिवारी पॅड बांधायची.
मी वही घेऊन बाकावर.
धावा लिहायला कुणीतरी लागतंच,
आणि माझ्या हातून झेल सुटायचे.

आयल्सा मॅक्रॉस्टी. देशाची कर्णधार.
दुकानात कुणी ओळखायचं नाही.
ओळखलंच तर म्हणायचं,
काल माझा कॉल मध्येच का तुटला?

इंग्लंडला जायचं म्हणजे सहा आठवडे बोट,
भाडं ज्याचं त्यानं भरायचं.
चर्चच्या हॉलमध्ये आम्ही चीज रोल भाजून विकले,
एकशे चाळीस डझन.
अजून त्या वासानं माझं पोट ढवळतं.
पोस्टानं रजा दिली, दोघींनाही, बिनपगारी.
वर साहेब म्हणाले, "या हिंडून."

डेकवर सराव, चेंडूला दोरी बांधून.
दोरी तुटायचीच.
अकरा चेंडू प्रशांत महासागरात, दोन अटलांटिकमध्ये.
हेही मागच्या पानावर लिहून ठेवलंय मी.
मग खानशाम्यानं बटाटे दिले,
आणि तिनं बटाट्यालाही सरळ बॅट दाखवली.

तेरा वर्षांत नऊ कसोट्या.
दोन हरलेल्या, सात अनिर्णित.
जिंकलेली एकही नाही.
विचारणारे इथवर ऐकतात आणि चहाकडे वळतात.
त्यांना वूस्टरचं पान कसं दाखवू?
शेवटचा दिवस, आठ जणी परतलेल्या,
चेंडू हातभर वळतोय,
ही साडेतीन तास उभी. एकोणीस धावा.
बाकी सगळे ठिपके.
निर्धाव, निर्धाव, निर्धाव.
मी तीनदा पेन्सिलीला टोक केलं.
तंबूत आली, ग्लोव्हज काढले, म्हणाली,
"किटलीत काही उरलंय का?"

मैदानावर ती ओरडली नाही कधी.
दोन बोटं, नाहीतर हनुवटी जराशी डावीकडे,
की पॉइंटची पोर चार पावलं सरकायची
आणि पुढचाच झेल तिच्या पोटात.
तो सगळा हिरवा पसारा तिला
आमच्या बोर्डासारखा दिसत असणार:
कुठलं भोक रिकामं, कुठली तार तिथवर पोचते.

ऑगस्ट. खिडकीच्या काचेवर आतूनही दव.
ड्यूनेडिनहून ट्रंक कॉल:
मिसेस हॅलिबर्टन, निवड समिती.
नंबर हवा ओटाउटाऊ, चौतीस आर.
म्हणजे रोवीनाचं शेत.
रोवीना, जिला हिनेच पुढे येऊन खेळायला शिकवलं,
खांद्याला धरून, तीन हिवाळे.
प्लग लावला.
नियम असा: पहिलं वाक्य ऐकायचं,
लाइन लागली ना बघायला, मग कान काढायचा.
पहिल्याच वाक्यात सगळं होतं.
तिनं कान काढला. नियमाप्रमाणे.
दुसरा दिवा लागला, तो घेतला.
कुणाला तरी पशुवैद्य हवा होता, गाय अडली होती.
नऊ मिनिटं बोलल्या त्या दोघी.
जादा सहा मिनिटांचे पैसे तिनं स्लिपवर मांडले,
स्वच्छ अक्षरात.
मला म्हणाली, "तुझा डबा खाऊन घे, मी बघते."

समितीचं पत्र अकरा दिवसांनी आलं. त्यात 'खेद' होता.

आणि तरी ती खेळली आणखी एक मोसम,
रोवीनाच्या हाताखाली, मिड-ऑफला.
पहिल्याच सामन्यात
समोरची जोडी हलेना.
षटक संपलं की सगळ्या पोरी
सवयीनं मिड-ऑफकडे बघायच्या. रोवीनासुद्धा.
आणि दर वेळी नेमकी
आयल्सा वाकून बुटाची नाडी बांधत असायची.

सतरा वेळा.
वहीत त्याला रकाना नाही.
पण मी मोजलं. माझं कामच ते.